अंतरा कुणाचा

सरांनी माझ्यावर शेवटपर्यंत पुरता विश्वास ठेवला नाही. त्यात त्यांची काही चूक होती असं मला वाटत नाही. मी असा माणूस आहे की सोसायटीचा पंप जळला तरी आपल्याच घरचा नळ चालू राहिला असणार, असं मला वाटतं. लिफ्टमध्ये कुणी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं तर मी मनातल्या मनात खुलासे करायला लागतो. त्यामुळे सरांच्या संशयाचं मला ओझं कधी झालं नाही. उलट, कुणीतरी आपल्याला नीट तपासून घेतंय याचं बरंच वाटायचं.

ते डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीच्या अंगाला, एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहायचे. सारी नोकरी एका केमिकल कंपनीत, प्रेशर आणि तापमान दाखवणारे गेज दुरुस्त करण्यात गेली. काचेवर नखानं टिचकी मारल्याशिवाय काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही तिथली सवय. निवृत्तीनंतर ती घरभर पसरली. दुधाच्या पिशवीला टिचकी, सिलिंडरला टिचकी, कुरिअरच्या खोक्याला टिचकी. पेपर वाचायचे तो पेन्सिल घेऊन, आणि बातम्यांच्या कडेला प्रश्नचिन्हं काढायचे. भविष्याच्या रकान्यापुढे मात्र कधी प्रश्नचिन्ह नसायचं. मी विचारलं तर म्हणाले, "ते खोटं आहे हे तो स्वतःच कबूल करतो. त्याच्याशी माझं भांडण नाही."

एकदा मला म्हणाले, "काटा हलत असला की माणूस निवांत असतो. अडकलेला काटा वाईट. आत प्रेशर वाढत असतं आणि हा आपला शांत." मग माझ्याकडे बघून, "तुम्ही फार शांत बसता हो."

पन्नाशी जवळ आली तेव्हा मला व्हायोलिन शिकायची हुक्की आली. ठाण्याच्या ऑफिसातल्या एकानं त्यांचं नाव सांगितलं, वर सावधही केलं: "शिकवतात छान, पण आधी पोलीस व्हेरिफिकेशन होतं." तसंच झालं. व्हायोलिनच का? पेटी का नाही? आधी कुणाकडे होतात? सोडलंत की काढलं? घरात अजून कोण वाजवतं? मोबाईल कुठल्या खिशात आहे? शेवटी, गाव कुठलं? मी कल्याणच्या पलीकडच्या आमच्या गावाचं नाव सांगितलं, तेव्हा ते गजाला राळ लावत होते. हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"मंगळवारी या," म्हणाले.

त्यांची वाजवायची तऱ्हाही वेगळीच. आपल्याकडे व्हायोलिनवाले मांडी घालून बसतात, वाद्याचं डोकं पायावर टेकवतात. हे उभे राहायचे आणि व्हायोलिन हनुवटीखाली न घेता छातीला टेकवायचे, लहान मूल धरल्यासारखं. गजही टोकाला न धरता जरा वर धरायचे. "असं कुणी शिकवलं?" म्हटलं तर म्हणाले, "बापानं." आणि थोडं थांबून, "त्याला कुणी शिकवलं ते तो सांगायचा. खरं-खोटं त्याला ठाऊक."

दुसरी एक खोड होती. कुठलीही चाल वाजवायच्या आधी ती कुणाची ते सांगायचे. तरुणपणी ते विठ्ठलवाडी, उल्हासनगर, कल्याणच्या वस्त्यांमधून भीमगीतांच्या पार्टीत व्हायोलिन वाजवायचे. तिथे गायक प्रत्येक गाण्याआधी माइकवर सांगायचा: गीत अमक्याचं, चाल तमक्याची. टाळ्या पडायच्या आणि मगच ढोलकी सुरू. सर म्हणायचे, "ज्यांची नावं कुठंच कुणी घेतली नव्हती ना, त्यांनी ही पद्धत पाडली. नाव घेतल्याशिवाय सूर लावायचा नाही." म्हणून क्लासमध्ये साधा पलटासुद्धा नावासकट यायचा. "हा आमच्या पार्टीतल्या पेटीवाल्याचा. दारू प्यायचा, पण सुरात प्यायचा. चला, सा."

एका मंगळवारी मी लवकर पोचलो. दार बंद, खिडक्या बंद आणि आतून मिक्सरचा आवाज. त्या घरघरीच्या खालून व्हायोलिन ऐकू येत होतं. मी चप्पल काढता काढता थांबलो. ती चाल मला पाठ होती. आमच्या गावच्या देवळात एकादशीच्या भजनात शेवटून दुसरा अभंग त्याच चालीत व्हायचा, आणि माझे आजोबा, जे मंडळाचे बुवा होते, डोळे मिटून तो घ्यायचे. लहानपणी त्यांच्या मांडीला टेकून मी कितीदा तरी त्या चालीवर झोपलो असेन.

मी बेल दाबली. व्हायोलिन थांबलं, मिक्सर थांबला. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी दार उघडलं. ओट्यावर मिक्सरचं भांडं होतं आणि भांड्यात काहीच नव्हतं.

"रिकामाच फिरवता?" मी विचारलं.

"मग काय करू?" काकू म्हणाल्या. "हे ती चाल घेऊन बसले की मिक्सर लाव म्हणतात. रस्त्यानं जाणाऱ्यानं उचलली तर! आधी चटणी वाटायचे. किती चटणी खाणार माणूस?"

सरांना आवडलं नाही. "अगं, बाहेरच्यांसमोर..."

आणि मी, ज्यानं गप्प राहायला हवं होतं, तो बोललो, "सर, ही तर आमच्या गावच्या भजनातली चाल."

सरांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं, पेटीला कुलूप लावलं, कुलूप ओढून पाहिलं. "आज बास," म्हणाले.

घरी जाताना माझं डोकं भणभणत होतं. मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहितो, कारण ते न लिहिता बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला वाटलं, ह्यांनी आमची चाल चोरली. म्हणून खिडक्या बंद. म्हणून मिक्सर. सगळं कसं चटकन जुळलं. इतकं चटकन की मला स्वतःचाच संशय यायला हवा होता.

पुढच्या मंगळवारी त्यांनी मला व्हायोलिन काढूच दिलं नाही. समोर बसवलं. "आजोबांचं नाव?" मी सांगितलं. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू स्वयंपाकघरात गेल्या.

"म्हणजे तुम्ही बुवांचे नातू," सर म्हणाले. "मला पहिल्या दिवशीच वास आला होता."

त्या दिवसापासून ते मला बुवा म्हणायला लागले. त्यात मान नव्हता, आणि मीही तो शोधला नाही.

मग त्यांनी सांगितलं. आज जिथे उल्हासनगर आहे, तिथे महायुद्धात लष्कराची छावणी होती. सरांचे वडील आमच्याच गावचे, गावाबाहेरच्या वस्तीतले. विठ्ठलवाडीच्या बाजूला छावणीच्या स्वयंपाकघरात मोठी भांडी घासायचं काम त्यांना मिळालं. तिथे एक स्कॉटलंडचा शिपाई होता. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या मागे उकिरड्याजवळ उभा राहून तो व्हायोलिन वाजवायचा, कारण बराकीत त्याला कुणी वाजवू देत नसे. भांडी घासणारा तरुण तेवढाच त्याचा श्रोता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. शिपायानं त्याच्या हातात वाद्य दिलं, बोटं धरून शिकवलं. एक चाल शिकवली. पलटण हलली तेव्हा वाद्य इथेच ठेवून गेला.

"हेच ते?" मी पेटीकडे बघून विचारलं.

"असं ते म्हणायचे."

स्वतःच्या वडिलांच्या बाबतीतही सर 'असं ते म्हणायचे' हे शब्द सोडत नसत.

पुढचं मला ऐकायचं नव्हतं, तरी ऐकलं. वडील गावी परतल्यावर वस्तीत ती चाल वाजवायचे. माझ्या आजोबांच्या कानावर गेली. त्यांना आवडली. त्यांनी निरोप धाडला. सरांचे वडील देवळाच्या पायरीवर बसून वाजवायचे आणि भजनी मंडळ आत बसून चाल उचलायचं. आत यायचं नाही. प्रसाद लांबून. चाल पुरती बसल्यावर बोलावणं थांबलं. पुढे वस्तीनं धम्म घेतला, सरांच्या वडिलांनी देवळाचं नाव सोडलं, चाल मात्र तिथेच राहिली.

"मी नोकरीला लागल्यावर एकदा गेलो होतो तुमच्या गावात," सर म्हणाले. "विचारलं, ही चाल कुणाची. तर तुमचे आजोबा म्हणाले, पूर्वापार आहे."

माझ्या मनात होतंच की ही एक बाजू झाली. आजोबांनी मला कधी खोटं बोलू दिलं नव्हतं. उकिरड्याजवळ व्हायोलिन वाजवणारा स्कॉटिश शिपाई? त्यापेक्षा कुणीतरी देवळाबाहेरून चाल ऐकली आणि घरी गोष्ट रचली, हे सोपं नव्हतं का? मी सरांवर संशय घेत होतो, सर माझ्यावर, आणि दोघे मिळून दोन मेलेल्या माणसांवर. अशा स्थितीत मी त्यांच्याकडे दर मंगळवारी यमन शिकत होतो.

हे असंच चाललं असतं. पण दिवाळीच्या सुमाराला सरांना कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात एक तरुण गायक तीच चाल गात होता. छान गात होता. खाली अक्षरं येत होती: पारंपरिक.

सरांनी मोबाईलच्या काचेवर त्या शब्दावर टिचकी मारली. "पारंपरिक म्हणजे काय हो बुवा? ज्याच्या बापाचं नाव सांगायचं नाही, तो पारंपरिक."

"सर, त्या मुलाला काय माहीत?"

"त्याला नाही. ज्यांना माहीत होतं ते गेले. आता राहिलो मी, आणि मलाच माहीत नाही." ते खुर्चीत बसले. इतके दमलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "तुम्हाला इंग्रजी येतं. कॉम्प्युटर येतो. शोधा. तिकडे अशी चाल आहे का, आणि कुणाची."

"आणि नसली तर?"

"नसली तर माझा बाप खोटं बोलला."

"असली तर?"

"तर चाल त्याची नाही. नुसता हमाल झाला, इकडून तिकडे नेणारा."

काकू दारात उभ्या होत्या. "अहो, दोन्हीकडून तुमचंच जातंय. मग शोधायचं कशाला?"

"कुणाचं तरी नाव पाहिजे ना," सर म्हणाले. "माझ्यामागं हे असं पारंपरिक म्हणून सोडायचं का? माझ्या बापाचं नसेल तर त्या गोऱ्याचं लावू. पण लावू."

मी हो म्हटलं. मदत करायची म्हणून हो म्हटलं असं मला लिहायला आवडलं असतं. पण तिकडे अशी चाल नाही असं निघालं तर आजोबा सुटतात, हा हिशेब माझ्या डोक्यात हो म्हणायच्या आधीच झालेला होता.

रेकॉर्डिंगचा सोहळा वेगळा. रेकॉर्डिंग सरांच्याच फोनवर व्हायचं होतं. माझा फोन त्यांनी बंद करायला लावला, तरी समाधान झालं नाही, म्हणून काकूंना सांगून रव्याच्या डब्यात ठेवला. काकू मिक्सरकडे वळल्या तर सर म्हणाले, "आज नको." काकूंनी हात जोडले. "सुटले गं बाई."

त्या दिवशी ती चाल मी पहिल्यांदा मोकळी ऐकली. दोन भाग होते, आपला मुखडा आणि अंतरा असतो तसे. मुखडा सरळ, भूपाच्या सुरांतला, सकाळी कुणी अंगण झाडत गुणगुणावं असा. अंतरा वर जाईल असं वाटतं आणि तो खाली उतरतो, खर्जाच्या तारेवर जातो आणि तिथे बराच वेळ राहतो. भजनात आजोबाही तिथे आवाज इतका खाली न्यायचे की टाळ थांबवावे लागायचे.

मी स्कॉटलंडमधल्या जुन्या चालींचा संग्रह सांभाळणाऱ्या एका बाईंना ईमेल केली. त्या निवृत्त शाळामास्तरीण, स्वतः व्हायोलिन वाजवणाऱ्या. ईमेल लांबलचक झाली. मी छावणी लिहिली, उकिरडा लिहिला, देवळाची पायरी लिहिली. माझं सगळं लिखाण असंच होतं. साधा रजेचा अर्ज लिहिताना मी कबुलीजबाबापर्यंत जातो.

उत्तराची वाट पाहताना मी गावी गेलो. आजोबांच्या मंडळातले एकच जण उरले होते, नव्वदीच्या पुढचे, दृष्टी गेलेले. मी चाल गुणगुणली. त्यांचा हात मांडीवर आपोआप ठेका धरायला लागला.

"ही कुठनं आली आपल्याकडे?" मी विचारलं.

"ही त्या पायरीवरच्याची," ते सहज म्हणाले. "छावनीत कामाला व्हता. तुझा आजा त्याला म्हनं, परत वाजव, परत वाजव. बिचारा वाजवायचा."

"आणि अंतरा? तो आजोबांनी बसवला का?" मी विचारलंच. आशा किती चिवट असते.

"छ्या! आमी काय, टाळ कुटनारे. सगला त्याचाच."

"त्यांना आत का नाही घेतलं कधी?"

म्हातारबाबांचा मांडीवरचा हात थांबला. मी बराच वेळ बसलो, मग उठलो.

हे सगळं मी दुसऱ्याच दिवशी सरांना सांगितलं. ते ऐकत होते, पण चेहऱ्यावर काही नाही. "नव्वदीचा माणूस," म्हणाले. "तुम्ही चाल गुणगुणलीत, तुम्हाला काय ऐकायचंय ते त्यानं ओळखलं असेल."

"मला हे ऐकायचं नव्हतं, सर."

"आत का घेतलं नाही, विचारलंत?"

"विचारलं. ते गप्प बसले."

"हे मात्र खरं असेल," सर म्हणाले.

बाईंचं उत्तर आलं तेव्हा मी ठाण्याहून येणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होतो आणि बस शीळफाट्याला एका कंटेनरमागे अडकून पडली होती. मी उत्तर वाचलं आणि पुन्हा वाचलं. मुखडा त्यांचा होता. त्यांच्याकडची जुनी, संथ चाल. आपला भाऊ कुटुंबासकट जहाजानं कायमचा परदेशी निघाला तेव्हा एका गावातल्या वादकानं बांधलेली. वादकाचं नाव दिलं होतं. जहाज दिसेनासं होईपर्यंत तो किनाऱ्यानं वाजवत चालत राहिला, असं त्यांच्याकडे सांगतात. पण, बाईंनी लिहिलं होतं, तुम्ही पाठवलेला दुसरा भाग आमच्याकडे कुणीच वाजवत नाही. आमचा दुसरा भाग अगदी वेगळा आहे. हा कुणी केला?

मला इतका आनंद झाला की शेजारच्या अनोळखी माणसाला मी "चला, सुटला एकदाचा" म्हणालो. तो म्हणाला, "कुठं सुटला? बंदच आहे."

सरांसमोर मी ते उत्तर मराठीत वाचून दाखवलं. वडील खोटं बोलले नव्हते. आणि वडील नुसते हमालही नव्हते. दोन्हीकडून जाणारं दोन्हीकडून परत आलं होतं. मी मान वर केली तर सर माझ्याकडे गेजकडे पाहावं तसे पाहत होते.

"तुम्ही त्या बाईला काय काय लिहिलं होतंत?"

मी सांगितलं.

"पायरी लिहिलीत? लांबून प्रसाद, तोही लिहिलात?"

"हो."

"मग संपलं." ते उठून खिडकीशी गेले. "तिला दया आली. वाचलं, वाईट वाटलं, आणि लिहून टाकलं, अर्धी तुमची. तुम्ही लोक ना, वाईट वाटलं की खोटं बोलता. तुम्ही पण असंच करता. मागं माझा हात थरथरत होता, तरी आज किती छान वाजवलंत म्हणालात."

ते खरं होतं. मी म्हणालो होतो.

"अहो, ती बाई कशाला खोटं बोलेल?" काकू म्हणाल्या. "तिची काय आपल्याशी सोयरीक आहे?"

"म्हणूनच. खोटं बोलून तिचं जातंय काय?"

आणि वाईट म्हणजे सरांचं बोलणं मला पटायला लागलं. मी ती ईमेल लिहिताना रडलो होतो. वाचणाऱ्यालाही रडू यावं असंच ते मी लिहिलेलं होतं. अशा ईमेलला कोण नाही म्हणेल? काटा तपासायला गेलो आणि मीच बोटानं ढकलून आलो, असं झालं होतं.

"फोन लावा," सर म्हणाले. "चेहरा दिसतो तो. मी विचारतो काय विचारायचं ते."

बाई कबूल झाल्या. आमची संध्याकाळ, त्यांची दुपार. सरांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. लॅपटॉप माझा होता, म्हणून तो त्यांनी उलटा करून खालून पाहिला. मग स्क्रीनवर बाई आल्या: पांढरे आखूड केस, मागे चुलीसारखं काहीतरी, दारात एक ओलं कुत्रं. त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळत होतं. सरांचं इंग्रजी मशीनच्या माहितीपुस्तकांतून आलेलं होतं, छोटं आणि आज्ञार्थी. नमस्कार वगैरे काही नाही. सरांनी पहिलाच प्रश्न टाकला.

"ज्यानं चाल बांधली तो माणूस. पोटासाठी काय काम करायचा?"

बाईंच्या उत्तरात हे नव्हतं. मला माहीत नव्हतं. सरांनी ते मला कधी सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं एक गोष्ट त्यांनी आत ठेवली होती, काट्याला टिचकी मारण्यासाठी.

"तो चांभार होता," बाई म्हणाल्या. "चपला-बूट शिवायचा. का हो?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. मग हळू आवाजात मला म्हणाल्या, "सासरे हेच सांगायचे. त्या गोऱ्यानं स्वतःच्या बुटाकडे बोट दाखवून, आरीनं शिवायची खूण करून सांगितलं होतं म्हणे. यांना वाटायचं, आपल्या लोकांना बरं वाटावं म्हणून रचलं असेल."

"वाजवा," सर बाईंना म्हणाले. "तुमचा दुसरा भाग. पूर्ण."

बाईंनी व्हायोलिन उचललं आणि छातीला टेकवलं. हनुवटीखाली नाही, छातीला. गज जरा वर धरला. सर पुढे वाकले. मुखडा आला, तोच, आमच्या देवळातला, फक्त थोडा अधिक झोके घेत. मग त्यांचा दुसरा भाग. तो वर चढत गेला, वरच्या तारेवर, आणि तिथून लांबवर कुणाला हाका मारल्यासारखा सुटला. सुंदर होता. आमचा तो नव्हताच.

"परत," सर म्हणाले.

बाईंनी परत वाजवला. सर खुर्चीत मागे टेकले. मग शांतपणे म्हणाले, "मॅडम, फर्स्ट पार्ट यू आर करेक्ट. सेकंड पार्ट, अवर्स इज बेटर."

बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की कुत्रं उठून गेलं. म्हणाल्या, "मलाही तसंच वाटतं. म्हणून तर विचारलं होतं. कुणी केला?"

खोलीत कुणी बोलेना. बाईंना वाटलं आवाज गेला. त्यांनी पुन्हा विचारलं. सर स्क्रीनकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"बोला बुवा," ते म्हणाले. "तुमच्या मंडळाकडून कोण आहे? तुम्हीच ना? सांगा, कुणाचा?"

"तुमच्या वडिलांचा, सर."

"मला नका सांगू. मी काय, त्यांचाच मुलगा. तिला सांगा. तिच्या भाषेत."

मी सांगितलं. ह्यांच्या वडिलांनी केला. देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी तो माझ्या आजोबांना दिला, आणि आम्ही तो नाव न लावता गात आलो. इंग्रजीत ते फार छोटं वाक्य झालं. मला वाटलं होतं तोंडातून निघणार नाही. निघालं.

बाई गंभीर झाल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे चालीवर बांधणाऱ्याचं नाव लिहितात. दुसऱ्या भागावर वेगळं नाव लिहायचं तर मला पूर्ण नाव हवं."

मी तोंड उघडलं, तोच सरांनी हातानं मला बाजूला केलं. स्पेलिंग ते स्वतः सांगणार होते. एकेक अक्षर सांगितलं, मध्ये थांबून, पुढचं अक्षर मनात तपासून. आधी वडिलांचं नाव, मग वडिलांच्या वडिलांचं, मग आडनाव. मग म्हणाले, "रीड बॅक."

बाईंनी वाचलं. उच्चार चुकला.

"नो. अगेन."

त्यांनी पुन्हा वाचलं. सरांनी मधल्या नावातला एक आघात सुधारला. तिसऱ्यांदा बाईंना ते नाव जवळजवळ बरोबर म्हणता आलं. दोन समुद्रांपलीकडच्या त्या घरात ते नाव उच्चारलं गेलं आणि इकडे सरांनी मान हलवली, पास केल्यासारखी.

निरोप झाला. स्क्रीन काळी झाली. काकू डोळे पुसत चहा टाकायला उठल्या. मीही डोळे पुसत होतो. काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, "सर, झालं. नाव लागलं."

सर काळ्या स्क्रीनकडेच पाहत होते.

"तिचा हात दिसत होता का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"कुठला हात?"

"लिहिताना. कॅमेरा इथपर्यंतच होता, छातीपर्यंत. हात खाली होता. खरंच लिहिलं तिनं, की नुसतीच मान हलवली?"

मी आठवून पाहिलं. अशा वेळी मी नेहमी दिसला म्हणतो.

"नाही दिसला, सर."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग उठले, पुढे येऊन दोन बोटांनी माझ्या खांद्यावर टिचकी मारली.

"मग उद्या परत लावा," म्हणाले.